ओळखीचं तोंड

छोटी बेसिनवर वाकली होती आणि नाकातून आलेलं रक्त पांढऱ्या भांड्यात टपटपत होतं. जबड्याच्या ऑपरेशननंतर थोडंफार रक्त येईल, घाबरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आता मळमळही घशाशी आली होती. तोंड उघडायची सोय नव्हती. वरचे दात आणि खालचे दात रबरांनी एकमेकांशी घट्ट बांधून टाकले होते. उलटी आली तर ती जाणार कुठून?

गळ्यात दोरीला बांधलेली लहानशी कात्री होती. अगदीच वेळ आली तर रबरं कापून टाकायची, असं सांगून दवाखान्यातल्या नर्सने ती निघताना तिच्या गळ्यात घातली होती. छोटीने कात्री हातात घेऊन आरशात पाहिलं. समोर एक टम्म फुगलेला, पिवळा-जांभळा चेहरा होता. ओठ इतके सुजले होते की त्यांच्यामागे रबरं कुठे आहेत तेच दिसेना. तिने बोटाने ओठ वर उचलायचा प्रयत्न केला, तर बोटाला ओठ लागत होता, पण ओठाला बोट लागत नव्हतं. कापायला जायचं रबर आणि कापला जायचा ओठ, कळणारही नाही. तिने कात्री सोडून दिली.

तिने आईला हाक मारली. म्हणजे मारायची होती. दातांमागून नुसता हुंकार निघाला. मोठी आरोळी निघाली असती तरी फरक पडला नसता. आई पलीकडे स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून मिक्सरमध्ये हिच्यासाठी सूप फिरवत होती, आणि मिक्सर बंद असता तरी तिला ऐकू आलं नसतं. छोटी शाळेत होती तेव्हा आईला मोठा ताप आला होता. ताप गेला तो तिचे दोन्ही कान घेऊनच.

शेवटी छोटीने प्लॅस्टिकचा मग उचलला आणि तो पत्र्याच्या बादलीवर आपटायला सुरुवात केली. आपटता आपटता ती आणखी खाली वाकली, आणि घशाशी आलेलं सगळं नाकातून, दातांच्या फटींतून, हळूहळू आपसूकच बाहेर आलं. कात्रीची गरजच पडली नाही. पोटात सगळं पातळच असतं, ते फटींतून निघून जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते; घाबरून ती तेच विसरली होती. पण तोवर वरच्या मजल्यावरच्या काकू धावत खाली आल्या होत्या आणि छोटीचं कपाळ धरून उभ्या होत्या.

"गेलं, गेलं सगळं. श्वास घे. अगं नाकाने घे, घाई नको करूस."

मिक्सर थांबवून आई वळली तेव्हा तिला काकूंची चप्पल दारात उलटी पडलेली दिसली. ती न्हाणीघराच्या दाराशी आली. बेसिन पाहिलं, टॉवेल पाहिला, बादलीवर आपटून चिरलेला मग पाहिला.

"तू वाजवत होतीस?" तिने मोठ्या, सपाट आवाजात विचारलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तिचं सगळं बोलणं एकाच उंचीवर चालायचं. "मला बोलवायला वाजवत होतीस?"

छोटीने मान हलवली. नाही म्हणून.

आई स्वयंपाकघरात परतली. तिने गॅसवरचं भांडं उतरवलं, काकूंना चहा टाकला आणि साखर घालायची विसरली.

छोटी हे तिचं घरातलं नाव. चाळिशी उलटली, कानशिलांवर पांढरं दिसायला लागलं, तरी दादाची धाकटी म्हणून छोटी ती छोटीच राहिली. लग्न जमलं नाही. पुढेपुढे तिनेच तो विषय बंद केला. तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात मागच्या बाजूला, ट्रायल रूमच्या शेजारी, तिचं मशीन होतं. पँट आखूड करायची, कंबर सैल करायची, चेन बदलायची, बाही आत घ्यायची. गिऱ्हाईक उभं राहायचं आणि ही ओठांत टाचण्या धरून त्याच्याभोवती गुडघ्यांवर फिरायची.

तिचे पुढचे दात जन्मात कधी एकमेकांना टेकले नव्हते. तोंड मिटलं तरी मध्ये फट उरायची. पावाचा तुकडा तोडायचा तर दाढेपर्यंत न्यावा लागे, आणि दोरा दाताने तोडणं तर नशिबातच नव्हतं. "दोरा दाताने न तोडणारी टेलर मी आयुष्यात एकच पाहिली," असं दुकानातले मास्तर सगळ्यांना सांगायचे. लहानपणी मुलं तिच्या बोलण्याची नक्कल करायची, कारण बोलताना जीभ त्या फटीतून डोकवायची. त्याची तिला सवय झाली होती. पण पुढे जबड्याचे सांधे दुखायला लागले, कानापासून डोकं ठणकायला लागलं, आणि एका सकाळी जांभई देताना जबडा अडकला तो अर्धा तास मिटेना. डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला. सांधा झिजत चाललाय, म्हणाले. हाडं कापून नीट बसवली तर पुढे त्रास नाही, नाहीतर एक दिवस तोंड उघडायचंच बंद होईल. त्या वयात तिने दातांना तारा लावून घेतल्या. मास्तर म्हणाले, "आता कॉलेजात नाव घाला."

डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं होतं. सूज किती येईल, किती दिवस पातळ खायचं, बधिरपणा कुठे कुठे राहील, कधीकधी तो जातच नाही. कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. एक गोष्ट मात्र डॉक्टरांना ठाऊक नव्हती आणि छोटीच्याही डोक्यात आली नव्हती. आई जगातलं सगळं बोलणं याच तोंडावरून वाचत होती.

कान गेले तेव्हा आईला कोणाचंच काही कळेना. मोठी माणसं कानाशी ओरडायची आणि मग कंटाळून निघून जायची. छोटी शाळेतून आली की समोर पाट घेऊन बसायची आणि सावकाश, तोंड मोठं करून, दिवसभराचं सांगायची. तिचे ओठ, मधली फट, फटीत येणारी जीभ, यांवरून आई अक्षरं ओळखायला शिकली. इतरांचं तिला कधी धड कळलं नाही. दुकानदार बोलला, डॉक्टर बोलला, खुद्द दादा बोलला, की ती आधी त्याच्याकडे बघायची आणि मग छोटीकडे वळायची: काय म्हणतोय? छोटी तेच पुन्हा बिनआवाजी म्हणायची आणि आईचा चेहरा उजळायचा. ऑपरेशनचं ठरलं तेव्हा आई एवढंच म्हणाली होती, "मला तर चांगलं कळतं तुझं तोंड." छोटीला वाटलं होतं, आई समजूत घालतेय.

त्या सकाळनंतर आईने छोटीला नजरेआड होऊ दिलं नाही. पण नजर तरी किती ठेवणार? कुकर लावायचा, कपडे वाळत घालायचे, दारात कोणी आलं तर बघायचं. दुसऱ्या दिवशी तिने छोटीच्या शिवणाच्या डब्यातून पांढऱ्या फितीचं बंडल काढलं, एक टोक स्वतःच्या मनगटाला बांधलं आणि दुसरं छोटीच्या.

"काही वाटलं की ओढ," ती म्हणाली. "हाक मारू नकोस, ओढ."

छोटीला हसू आलं, पण हसायला तोंड हवं. नाकातून फुसकन हवा गेली आणि गाल ठणकला. फीत खोल्यांमधून फिरायला लागली. खुर्चीच्या पायात अडकायची, दारात चिमटायची. एकदा आई गॅलरीत गेली आणि फितीच्या हिसक्याने इकडे छोटीच्या हातातला सूपचा पेला कलंडला. सिरिंजने, दाढेमागच्या एवढ्याशा वाटेने, एक एक घोट आत सोडायचा. पेला संपवायला तास जायचा. पोट भरायच्या आधी हात भरून यायचे. कधी आईच समोर बसून सिरिंज धरायची. छोटीच्या हनुवटीवरून सूप ओघळायचं, छोटीला कळायचं नाही आणि आईच पुसायची. बोलणं नव्हतं. जवळ पाटी होती, पण आईची शाळा दुसरीत सुटलेली. एकेक अक्षर जुळवत वाक्य वाचून होईपर्यंत सांगायचं काय होतं तेच शिळं व्हायचं.

"तुझं तोंड कधी सुरू होणार?" आई रोज विचारायची, आणि त्या सुजलेल्या ओठांकडे बघत राहायची. तिथे काहीच हलत नव्हतं.

काकूंनी दादाला फोन केला होता. त्यांचंही चुकलं नव्हतं. दादा शनिवारी आला. तो दुसऱ्या गावी नोकरीला, धीम्या स्वभावाचा, भांडण दिसलं की बाथरूमला जाणारा माणूस. दार आईने उघडलं. तिच्या मनगटाची फीत आत खोलीपर्यंत गेलेली त्याने पाहिली, फितीमागोमाग तो आत आला, आणि दुसऱ्या टोकाला बहीण पाहून पलंगावर बसलाच.

"हे काय करून घेतलंय तुम्ही दोघींनी?"

छोटीने पाटीवर लिहिलं, "गंमत."

"गंमत?" त्याने फीत बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली. "छोटे, काकू म्हणाल्या तू गुदमरत होतीस. आई पाच पावलांवर होती. उद्या गॅस चालू राहिला, कोणी दार ठोठावलं... तिची चूक नाही ग. पण तुला सांभाळायला तिला ठेवायचं की तिला सांभाळायला तुला? तुला धड पाणी पिता येत नाहीये."

छोटीने लिहिलं, "थोडे दिवस."

"तेच म्हणतोय मी. थोडे दिवस आईला मी नेतो. काकूंच्या ओळखीच्या एक मावशी आहेत, आजारी माणसांचं करतात. त्या दिवसभर इथे राहतील. तू बरी झालीस की आणून सोडतो. आपलंच घर आहे ना तेही?"

आईची नजर एकाच्या तोंडावरून दुसऱ्याच्या तोंडावर जात होती. तिने सवयीने छोटीकडे वळून विचारलं, "काय म्हणतोय हा?"

छोटीने ओठ हलवायचा प्रयत्न केला. सगळा जोर लावला. आरशात पाहायची गरज नव्हती. काही हललं नाही हे तिला आईच्या चेहऱ्यावरच दिसलं.

दादाने मग आईच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं, बोटाने स्वतःकडे दाखवलं, हाताने बस दाखवली, माळ्यावरची बॅग दाखवली. बॅग पाहिल्यावर आईला कळलं.

"मी जाऊ?" तिने दादाला नाही, छोटीला विचारलं.

छोटीने जोरात मान हलवली. नाही. पाटी ओढून मोठ्या अक्षरांत "नको" लिहिलं आणि आईसमोर धरलं. असे दोन अक्षरी शब्दच आई झटकन वाचायची.

आईने पाटी वाचली आणि बाजूला ठेवली. ती छोटीच्या अगदी जवळ आली, तिचा सुजलेला चेहरा उजेडाकडे वळवला.

"तू सगळ्यालाच नको म्हणतेस," ती म्हणाली. "लहानपणापासून. नवीन कपडे नको, दूध नको. खरं काय ते मी तोंडावरून ओळखते. आज मला काहीच कळत नाहीये ग. खरंच नको, की माझ्यासाठी नको?"

छोटीने पुन्हा मान हलवली. पण मघाशी दादा मावशींचं बोलला तेव्हा, फक्त एक क्षणभर, तिच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. आता कोणीतरी ऐकू येणारं माणूस घरात असेल, एवढाच तो क्षण. तो डोळ्यांत आला होता का, आणि आईने तो पाहिला होता का, हे तिला पुढे कधीच कळलं नाही. आईने आपल्या मनगटाची गाठ सोडली. मग छोटीच्या मनगटाची. फीत नीट गुंडाळून डब्यात ठेवली आणि आपल्या साड्या काढायला गेली.

जाताना ती दादाला म्हणाली, "मी इथे राहिले आणि हिला काही झालं, तर मला कळणारसुद्धा नाही." तिला वाटलं ती हळू बोलतेय. सगळ्या जिन्याला ऐकू गेलं.

मावशी चांगल्या होत्या. दुसऱ्याच मिनिटाला कामाला लागल्या आणि तिसऱ्या मिनिटाला बोलायला. "बोलणारं माणूस नसलं म्हणून काय झालं, ऐकणारं तर आहे," असं म्हणून त्यांनी आपल्या तिन्ही जावयांचं चरित्र सांगायला घेतलं. मोठा जावई खोटारडा, मधला आळशी, धाकट्याबद्दल अजून ठरायचं होतं. सूप त्या गाळून द्यायच्या, औषधाची वेळ चुकवायच्या नाहीत, बेसिनशी छोटी वाकली की मागे येऊन उभ्या राहायच्या. छोटीला हायसं वाटायचं, आणि हायसं वाटल्याचं वाईट वाटायचं.

रोज दादा फोनवर आई दाखवायचा. त्या एवढ्याशा चौकोनात आई डोळे बारीक करून बघायची. "बरी आहेस?" ती ओरडायची. छोटी मान डोलवायची. "जेवलीस?" छोटी सिरिंज उचलून दाखवायची. त्यानंतर दोघी नुसत्याच एकमेकींकडे बघत राहायच्या, आणि दादाचा हात अवघडला की फोन बंद व्हायचा.

सूज उतरत गेली. मग एकदा डॉक्टरांनी घट्ट रबरं काढून सैल लावली आणि तोंड उघडायला सांगितलं. तोंड एका बोटाएवढं उघडलं. छोटी त्या दिवशी दवाखान्यातच रडली, आणि डॉक्टरांना वाटलं आनंदाने रडतेय. त्यांनी आधीचा आणि आताचा असे दोन फोटो शेजारी ठेवून दाखवले.

"कसं वाटतंय?"

"छान," छोटी म्हणाली. तो शब्द तिच्या तोंडून निराळाच निघाला. जीभ सवयीने पुढे गेली ती दातांवर आपटली. तिथे आता फट नव्हती. घरी आरशासमोर उभी राहून ती रोज बोलायचा सराव करायची. आवाज साफ होत गेला. मावशी म्हणाल्या, "आता कशा रेडिओवरच्या बाईसारख्या बोलताय." आरशातली बाई दिसायला बरी होती. तोंड मिटलं की पूर्ण मिटायचं. छोटी कधीकधी नुसतंच तोंड मिटून त्या बाईकडे बघत राहायची. तिला ती आवडायला लागली होती, हे मान्य करायला तिला बरेच दिवस लागले. पण एकेक शब्द आवाज न काढता म्हणून पाहिला की ती आरशाच्या आणखी जवळ जायची. ओठ आता जेमतेम हलत होते. खालचा ओठ अजून बधिर, वरचा ताठ. जीभ दातांआड लपलेली. तिलाच स्वतःचं वाचता येत नव्हतं.

ती कामावर गेली. मास्तरांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मशीनवरची धूळ स्वतः पुसली. पहिलंच गिऱ्हाईक जुनं होतं. बाईंनी पँट हातात दिली आणि इकडेतिकडे बघत विचारलं, "त्या आधीच्या ताई गेल्या का हो सोडून? त्यांचा हात फार चांगला होता."

"मीच ती," छोटी म्हणाली.

बाई ओशाळल्या, हसल्या, छान दिसताय म्हणाल्या. छोटी गुडघ्यांवर बसली, ओठांत टाचण्या धरल्या आणि मापं लावायला लागली. थोड्या वेळाने बाई दचकून मागे सरकल्या. छोटीच्या खालच्या ओठात टाचणी रुतली होती आणि हनुवटीवरून रक्ताची बारीक रेघ खाली आली होती. तिला पत्ताच नव्हता. मास्तरांनी कापूस आणून दिला आणि संध्याकाळपर्यंत मनगटाला बांधायची टाचण्यांची गादी कुठूनशी पैदा केली.

"ओठ काय कधी ना कधी येतील कामावर," ते म्हणाले. "तोवर हे बदली कामगार."

त्या रविवारी छोटी आईला आणायला गेली. दादाला तिने मुद्दाम आदल्या दिवशीच सांगितलं, नको म्हणायला वेळ मिळू नये म्हणून. बसमध्ये खिडकीच्या काचेत बघून ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती: आई, घरी चल. शेजारच्या माणसाने उठून दुसरी जागा धरली.

दार वहिनीने उघडलं. आई तिच्यामागे होती. आईने छोटीकडे पाहिलं, चष्मा लावला, पुन्हा पाहिलं. मग पुढे येऊन दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला. गालांवरून, जबड्यावरून, कानांमागून बोटं फिरवली, कापड घेताना फिरवावीत तशी.

"छान झालीस," ती म्हणाली. "चारचौघींसारखी झालीस."

छोटी सावकाश म्हणाली, "आई, घरी चल."

आईने तिच्या ओठांकडे लक्ष देऊन पाहिलं. मग हसून मान डोलावली. "हो, घेतलं ना, सकाळीच घेतलं औषध."

"घरी," छोटी म्हणाली. तोंड जमेल तेवढं उघडलं. "घरी चल. आपल्या घरी."

"गरम? नाही ग, इथे वारा येतो." आई अजून हसत होती, पण तिचे डोळे घाईघाईने छोटीच्या ओठांवर काहीतरी शोधत होते, अंधारात किल्ली शोधावी तसे. मग तिने मान वळवली. बाजूला, वहिनीकडे. "काय म्हणतेय ही?"

छोटीला आधी कळलंच नाही काय झालं ते.

वहिनीचा चेहरा पडला. ती एरवी भराभर बोलणारी. पण रोज दुपारी आईसमोर भाजी निवडत बसायची, त्यात तिला सावकाश बोलायची सवय लागली होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, सासूशी अशी बोलले नव्हते कधी, असं तिने फोनवर एकदा छोटीला कौतुकाने सांगितलंही होतं. आता ती छोटीकडे बघत थांबली, सांगू का असं विचारत असल्यासारखी. छोटीने मान हलवली.

वहिनीने आवाज न काढता, ओठ गोल करून, म्हटलं: ताई म्हणतात, घरी चला.

आईचा चेहरा उजळला. "असं होय! घरी चल म्हणतेय!"

जेवताना तसंच चाललं. छोटी बोलायची, वहिनी तेच ओठांनी म्हणायची, आई वहिनीला उत्तर द्यायची. दादा मान खाली घालून जेवत होता. वहिनीने सफरचंद कापलं. छोटीने एक फोड उचलली आणि पुढच्या दातांनी तिचा तुकडा तोडला. आवाज आला. आईला आवाज ऐकू आला नाही, पण तिने पाहिलं. ती आपलं जेवण थांबवून बघत राहिली.

"पुढून तोडलंस?" तिने विचारलं. "पुन्हा तोड."

छोटीने पुन्हा तोडलं. आईने वहिनीचा दंड धरला. "बघितलंस? पुढून तोडते ती. लहानपणी पाव चिमटीने तोडून भरवायचे मी हिला."

चावताना सफरचंदाचा रस छोटीच्या हनुवटीवर आला असावा, कारण आईने हात पुढे करून तो पुसला. छोटीला हात दिसला, स्पर्श लागला नाही. तरी ती हात निघेपर्यंत हलली नाही.

मग छोटीने वहिनीला सांगितलं, "विचार तिला, बॅग भरायची का."

वहिनीने विचारलं. आईने पुढचं ताट बाजूला सरकवलं. तिने टेबलावरचे सांडलेले कण बोटाने एका जागी गोळा केले.

"राग मानू नकोस," ती छोटीकडे बघून म्हणाली, आपल्या त्या मोठ्या, सपाट आवाजात. "तुझ्याकडे आले तर आपण दोघी काय करायचं? तू बोलशील आणि मी हो-हो करीन. अनोळखी माणसासारखी. ते मला तुझ्याशी नाही करायचं. इथे मला कळतं सगळं."

"शिकशील तू," छोटी म्हणाली. "मी बसेन रोज समोर. आधी बसायचे तशी." आणि वहिनीने ते सांगायच्या आधीच तिने हाताने नको म्हटलं. तिला आपलं हे वाक्य दुसऱ्याच्या ओठांवर बघायचं नव्हतं.

शेवटची बस संध्याकाळी लवकर होती. दादा स्टँडवर सोडायला गाडी काढायला खाली गेला. छोटीने रिकामी आणलेली मोठी पिशवी घडी करून पर्समध्ये घातली. दारात चपला घातल्या. आई उंबऱ्याशी येऊन उभी राहिली, वहिनी तिच्या मागे.

"येते," छोटी म्हणाली.

वहिनी पुढे झाली, पण आईने हात वर करून तिला थांबवलं.

"हे कळलं," आई म्हणाली. "निघताना माणूस दुसरं काय म्हणणार? येते म्हणाली."

छोटीने मान हलवली. हो.

"थांब. पुन्हा म्हण." आईने चष्मा पुसून लावला आणि जिन्यातला दिवा लावला. "नुसतं म्हणू नकोस, सावकाश म्हण. मला नीट बघू दे."

"येते," छोटी म्हणाली.

"पुन्हा."

खाली दादाने हॉर्न वाजवला. छोटी एक पायरी खाली उतरली होती, त्यामुळे तिचं तोंड बरोबर आईच्या डोळ्यांसमोर आलं होतं. आई ओठांवरची नजर न काढता, स्वतःचे ओठ तिच्याबरोबर हलवत होती.

"येते," छोटी म्हणाली. "येते."